ईदेच्या दिवसाचा दर

थॉर्नक्लफच्या टाउन हॉलसमोरच्या स्टँडवर नऊ टॅक्स्या उभ्या राहतात. पहिलीला गिऱ्हाईक मिळालं की मागच्या आठ एकेक जागा पुढे सरकतात. सजावल खान सव्वीस वर्षं या रांगेत सरकत आला होता. पण ऑक्टोबरातल्या त्या सोमवारी सकाळी त्याची गाडी पुढे सरकली आणि मागची आपल्या जागीच राहिली. मध्ये दोन गाड्या मावतील एवढं मोकळं पडलं. आरशात पाहिलं तर मागचा ड्रायव्हर वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलेला. आपण नगरपालिकेला लिहिलेलं पत्र उघडं झालं, एवढं सजावलला तेव्हाच कळलं.

त्या पत्रात चार ओळीसुद्धा नव्हत्या. भाडेवाढीची रीत अशी, की टॅक्सीवाल्यांच्या संघटनेनं नगरपालिकेकडे मागणी करायची, परवाना समितीनं ती तपासायची, मग नवं दरपत्रक गावच्या साप्ताहिकात छापायचं. छापल्यापासून चौदा दिवस वाट पाहायची. चौदा दिवसांत कुणी काही बोललं नाही तर दर आपोआप लागू. पण गावातल्या एकानं जरी लेखी हरकत घेतली आणि ती मागे घेतली नाही, तर सगळं दरपत्रक पुन्हा समितीपुढे. या खेपेला शहात्तर हजार वस्तीच्या गावातून एकच हरकत आली होती, आणि तिच्याखाली सजावलची सही आणि त्याचा बिल्ला नंबर होता.

चार वर्षं भाडं वाढलं नव्हतं. डिझेल वाढलं होतं, विमा तर दुपटीला टेकला होता. संघटनेचा अध्यक्ष राजा मेहरबान आठ महिने टाउन हॉलच्या पायऱ्या झिजवून ही वाढ खेचून आणत होता. एक नोव्हेंबरला मीटर बदलले असते तर नाताळची सगळी कमाई नव्या दरानं पडली असती. आता नाताळ जुन्याच दरात जाणार, हे स्टँडवरच्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

सजावलची हरकत वाढीला नव्हती. वाढ त्यालाही हवी होती. त्याची हरकत दरपत्रकाच्या अगदी तळातल्या ओळीला होती. तिथे सणासुदीचे दर असतात: नाताळ, नवं वर्ष, दीडपट भाडं. त्याखाली पहिल्यांदाच एक ओळ आली होती. ईदेचा दिवस: दीडपट.

ही ओळ आली कुठून, तर नगरसेवक क्लिफर्ड हॉवर्थच्या आईपासून. मागच्या रमजान ईदेला सगळा स्टँड रिकामा होता. गावातले दहातले नऊ टॅक्सीवाले मीरपूरकडचे, फोनवर गाडी पाठवणाऱ्यांकडेही हीच मंडळी. बाजार करून आलेली एडना हॉवर्थ, वय एक्क्याऐंशी, दोन्ही हातांत बटाटे आणि मांसाच्या पिशव्या घेऊन सव्वा तास भुरभुर पावसात उभी राहिली आणि शेवटी टेकडी चढून पायी घरी गेली. मुलानं समितीत आवाज उठवला. हे लोक एकाच दिवशी सगळे गायब होतात, म्हणाला. मग उपायही त्यानंच सुचवला: त्या दिवशी दीडपट भाडं द्या, बघा कसे चाकामागे येऊन बसतात ते. मेहरबाननं ते हसत हसत उचललं. कबाबवाल्याच्या वरच्या खोलीत संघटनेची बैठक भरली तेव्हा त्यानं ही ओळ मोठ्यांदा वाचून दाखवली, आणि पोरांनी टेबलं वाजवली. सजावलनं हात वर केला होता. मेहरबान म्हणाला, चाचा, बसा, तुमचं पुढच्या बैठकीत ऐकू. पुढची बैठक झालीच नाही. तेव्हा सजावलनं घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिलं: ईद हा आमचा सण आहे. त्याला दर लावू नये. ही ओळ काढावी.

त्या सोमवारी दुपारी मेहरबान स्वतःच आला. सजावलच्या खिडकीवर बोटाच्या पेरानं टकटक केली. पन्नाशीही न गाठलेला, उंचापुरा, दाढी कातरलेली. बोलताना नेहमी समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे पाहायचा.

"चाचा, पत्र मागे घ्या. दोन ओळी लिहून द्या, मी नेऊन देतो. शुक्रवारपर्यंत मुदत आहे."

"ती ओळ काढ. मी पत्र काढतो."

"ओळ आता कुणाला काढता येत नाही. छापून झाली." मेहरबान वाकला. "तुम्हाला एवढं कळत नाही? गोऱ्यांच्या नाताळाला दीडपट आहे. आपल्या ईदेला काय आहे? काहीच नाही. सरकारी कागदावर पहिल्यांदा ईदेचं नाव आलंय, नाताळाच्या बरोबरीनं. आणि ते खोडायला निघालाय कोण, तर आपलाच माणूस."

"नाव आलंय खरं," सजावल म्हणाला. "पण नावापुढे किंमत लिहिलीय."

"किंमत कुणाला सुटलीय? तुम्ही काय फुकट गाडी चालवता?"

"त्या दिवशी चालवतच नाही."

मेहरबान सरळ झाला आणि मागच्या गाड्यांकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चाचांच्या घरी पोतं भरलेलं दिसतंय. आपलं नाही भरलेलं."

मागच्या दोन-तीन गाड्यांतून हसू आलं. सजावलनं काच वर घेतली.

खरं म्हणजे त्याला सांगायचं होतं ते वेगळंच होतं, आणि ते खिडकीतून सांगण्यासारखं नव्हतं. त्याचा बाप लाल खान याच गावच्या सूतगिरणीत रात्रपाळीला होता. एका वर्षी ईदेला सुट्टी मागितली, मिळाली नाही, तरी तो गेला नाही; दुसऱ्या दिवशी फाटकावर त्याचं हजेरीचं कार्ड फाडून हातात दिलं. सहा महिने घर पालेभाजीवर आणि मक्याच्या भाकरीवर चाललं. लाल खाननं त्याचं ना कधी दुःख केलं ना मोठेपण मिरवलं. फक्त प्रत्येक ईदेला नमाज पढून आला की दाराबाहेर खुर्ची टाकून दिवसभर बसायचा. आज मी घरी आहे, हे गल्लीला दिसावं म्हणून.

सजावलची गाडीही वर्षातून तशी दोनदाच दिवसभर दाराशी उभी राहायची. एरवी तो पहाटे निघायचा. मुलगा अदील रात्रीची गाडी चालवायचा. बाप जिना उतरायचा तेव्हा मुलगा चढत असायचा, आणि दोघांची भेट म्हणजे जिन्यात एकमेकांना दिलेली वाट. दोन ईदा सोडल्या तर ते दोघे एका ताटाला बसल्याचं सजावलच्या बायकोला, जैतूनबीला, आठवत नव्हतं. आता त्या दिवसालाही दीडपट लागली तर? कुणी सक्ती करणार नव्हतं, हे खरं. पण अदीलच्या गाडीचे हप्ते होते. एकदा शेजारचा निघाला की आपल्याला घरी बसवत नाही, हे सजावल सव्वीस वर्षं पाहत आला होता. नाताळाच्या दिवशी गोऱ्या ड्रायव्हरांची घरं तो बघायचा ना. जेवणाची टेबलं मांडलेली आणि बाप रस्त्यावर.

शुक्रवार आला आणि गेला. सजावलनं पत्र मागे घेतलं नाही.

त्यानंतरचे सहा आठवडे कसे गेले ते त्याचं त्याला माहीत. स्टँडवर त्याच्या मागची जागा कायम मोकळी. चहाच्या टपरीवर तो आला की बोलणं थांबायचं, आणि थांबलेलं सगळ्यांना ऐकू येईल असं थांबायचं. सलाम केला तर उत्तर ओठांतल्या ओठांत. उत्तर न देणं पाप, म्हणून कसंबसं दिलेलं. एका सकाळी समोरच्या काचेवर कुणीतरी साप्ताहिकातल्या दरपत्रकाचं कात्रण चिकटवलं होतं, डिंकानं, निघू नये म्हणून. तो नखानं खरवडत बसला आणि आठ गाड्यांतून आठ जण पाहत राहिले.

अदीलला तर पोरांनी सळो की पळो केलं. एका पहाटे जिन्यात तो वाटेतून हटला नाही.

"अब्बा, नाताळच्या आठवड्यात मला किती कमी पडणार माहितीय? सहाशे पौंड. माझ्या तोंडावर सांगतात, जा, बापाकडून घे."

"तुला देतो मी."

"मला नकोत. मला एवढंच सांगा, तुम्ही मला एकदा तरी विचारलंत? ईद काय तुमच्या एकट्याची आहे?"

सजावलनं खरंच विचारलं नव्हतं. मेहरबाननं बैठकीत त्याला बसवलं होतं, आणि त्यानं घरात मुलाला. जैतूनबी वरून म्हणाली की भांडायचं तर उजेडात भांडा, शेजारी झोपलेत.

डिसेंबरच्या मध्याला समितीची बैठक भरली. लाकडी नक्षीचं दालन, वर जुन्या महापौरांच्या तसबिरी. गॅलरीत टॅक्सीवाले खेटून बसले होते, आणि सजावल पहिल्या बाकावर एकटा. अध्यक्षपदी एक पिकल्या केसांची बाई होती. तिनं हरकत वाचून दाखवली आणि विचारलं की हरकत घेणाऱ्याला आणखी काही सांगायचंय का. सजावलनं घरून वाक्यं पाठ करून आणली होती. बापाचं कार्ड, फाटक, खुर्ची. उभा राहिला आणि सगळी विसरला. आमचा सण आहे, एवढंच म्हणून बसला.

हॉवर्थनं ती संधी सोडली नाही. सणाबद्दल आदरच आहे, म्हणाला, पण लोकांनी काय करायचं? एक दिवस अख्ख्या गावानं पायी चालायचं? मागच्या ईदेला त्याची स्वतःची आई, आणि असं बरंच. मग त्यानं मेहरबानला विचारलं की दीडपट दिली तर त्या दिवशी स्टँडवर गाड्या असतील ना. असतील, मेहरबान म्हणाला.

तेवढ्यात कोपऱ्यात लिहून घेणारी कारकून मुलगी उठली. मीटरमध्ये तारीख आधी भरून सील करावी लागते, तेव्हा ईद नक्की कोणत्या तारखेला, हे दरपत्रकात हवं, असं तिचं म्हणणं. नाताळासारखी तारीख.

गॅलरीत कुणीतरी घसा खाकरला.

"चंद्रावर असतं," मेहरबान म्हणाला. "आधी सांगता येत नाही. पण दिवस एकच. सगळ्यांचा एकच."

अध्यक्षबाईंनी सजावलकडे पाहिलं. "तुम्हीही हेच म्हणता का?"

आता इथं सांगायला हवं की थॉर्नक्लफमध्ये मशिदी दोन. कालव्याकाठची खालची मशीद अरबस्तानातून जाहीर होईल त्या दिवशी ईद करते. टेकडीवरची वरची मशीद म्हणते, चंद्र डोळ्यांनी पाहिल्याची साक्ष हवी. आणि थॉर्नक्लफचं आभाळ वर्षातले तीनशे दिवस गोधडीसारखं, म्हणून ती साक्ष फोनवरून मोरोक्कोहून मागवते. मेहरबान खालचा, सजावल वरचा. गेली नऊ वर्षं दोघांची ईद एका दिवशी झाली नव्हती, एक मागची रमजान ईद सोडून. त्यावरून भाऊ भावाशी बोलत नव्हता, लग्नं मोडली होती. पण हे भांडण घरातलं होतं. गोऱ्यांपुढे ते कुणी कधी काढलं नव्हतं.

मेहरबान त्याच्याकडे पाहत होता, आणि पहिल्यांदाच डोक्यावरून पलीकडे नाही, सरळ डोळ्यांत. गॅलरीतले सगळे पाहत होते. त्यात अदीलही होता, मागच्या दाराशी उभा.

"नाही, बाईसाहेब," सजावल म्हणाला. "आमच्या ईदा दोन असतात. एक त्यांची, एक आमची. त्यांच्या ईदेला स्टँडवर आम्ही असतो, आमच्या ईदेला ते. गावाला कधी गाडी कमी पडली नाही. मागच्या खेपेला तेवढं चुकून आमचं एकमत झालं."

आधी हॉवर्थ हसला, त्याच्या शेजारचा हसला, आणि मग सगळी समिती. अध्यक्षबाईंनी हातोडा हातात घेतला पण आपटला नाही, कारण त्याही हसत होत्या. ते हसू दुष्टपणाचं नव्हतं कदाचित. पण गॅलरीत ते चाबकासारखं ऐकू आलं. सजावलच्या कानशिलांना आग लागली. त्यानं खरं तेच सांगितलं होतं, आणि खरं सांगून माणसाला एवढी लाज वाटते हे त्याला या वयात कळत होतं.

दोन दिवस दीडपट भाडं गावावर लादता येणार नाही, असं समितीनं ठरवलं. ईदेची ओळ काढली. बाकीची वाढ एक जानेवारीपासून मंजूर. मात्र हॉवर्थच्या आग्रहावरून एक टीप जोडली: येत्या ईदेला स्टँडवर लक्ष ठेवलं जाईल, तो रिकामा आढळला तर या ओळीचा फेरविचार होईल.

पायऱ्यांवर मेहरबाननं त्याला गाठलं. आवाज चढवला नाही.

"चाचा, भाडं बुडवलंत ते मी माफ करीन. आज आपलं हसं केलंत ते नाही."

"मी खोटं बोललो का?"

"खोटं मी बोललो. सगळ्यांसाठी." तो एक पायरी उतरला आणि मागे वळला. "येत्या ईदेला मी स्वतः येईन बघायला. फोटो काढून हॉवर्थच्या टेबलावर ठेवीन."

हिवाळा तसाच गेला. नवे दर लागले, मीटर बदलले, ड्रायव्हरांच्या खिशात दोन पैसे जास्त पडू लागले, पण सजावलच्या मागची जागा मोकळीच राहिली. वरच्या मशिदीतले ड्रायव्हरही आता त्याच्याशी तुटक बोलायचे. हसं तर त्यांचंही झालं होतं.

मग रमजान आला. शेवटच्या शुक्रवारी वरच्या मशिदीत मीरपूरहून आलेले हाफिजसाहेब वाज द्यायला बसले. त्यांचं प्रवचन म्हणजे गाणंच. आधी साधं बोलणं, मग एखादा शब्द हळूच उचलायचा, तो वर न्यायचा, आणि नेता नेता त्याला असा सूर लावायचा की बसलेल्यांच्या पाठी आपोआप ताठ व्हायच्या. सजावलच्या गाडीत वर्षानुवर्षं त्यांच्याच कॅसेटी वाजत आल्या होत्या. गोरी गिऱ्हाइकंही अर्थ न कळता ठेका धरायची. त्या दिवशी विषय होता एकीचा. एक चंद्र, एक ईद, एक उंबरठा. हाफिजसाहेब 'एक' म्हणायचे आणि तो शब्द तीनदा तीन उंच्यांवर ठेवायचे, आणि सभा सुभानल्ला म्हणून तो झेलायची. म्हाताऱ्यांच्या दाढ्या ओल्या झाल्या. सजावलच्याही डोळ्यांत पाणी आलं. पण सुभानल्ला त्याच्या तोंडून निघेना. कारण गेला आठवडाभर प्रत्येक नमाजेनंतर तो मनातल्या मनात एकच मागत होता: या वर्षी आमचं एकमत होऊ देऊ नको. असली दुआ मागणारा अख्ख्या मशिदीत आपण एकटेच, आणि तेही रमजानात, हे त्याला कळत होतं. त्यानं पुढे बसलेल्याच्या पाठीकडे पाहत मान खाली घातली.

एकोणतिसाव्या रोज्याला संध्याकाळी खालच्या मशिदीनं जाहीर केलं, उद्या ईद. दहा मिनिटांत मोरोक्कोचा फोन आला. चंद्र दिसला. चार साक्षीदार, चौघेही भले. वरच्या मशिदीनंही जाहीर केलं, उद्या ईद. गल्लीत पोरं ओरडत सुटली. जैतूनबीनं शेवयांचं दूध चुलीवर चढवलं. सजावल खिडकीपाशी उभा राहून दाराशी लावलेल्या आपल्या गाडीकडे पाहत राहिला.

"काय झालं?" जैतूनबीनं विचारलं.

"एकमत झालं," तो म्हणाला.

सकाळी नमाज झाली. पांढरीशुभ्र सलवार-कमीज, वर जैतूनबीनं इस्त्री केलेलं करडं जाकीट. दरवर्षीसारखा तो बापाच्या कबरीवर जाऊन आला. घरी शेवया झाल्या होत्या, अदील उठून न्हाऊन बसला होता, सुना-नातवंडांचा कलकलाट चालला होता. सजावलनं दोन घास उभ्यानंच खाल्ले आणि किल्ली उचलली.

जैतूनबी दारात आडवी आली. ज्या दिवसासाठी सगळ्या गावाशी भांडलात, तो तरी घरी बसा, म्हणाली.

"आज बसलो तर पुढच्या वर्षी सगळ्यांनाच उठावं लागेल," तो म्हणाला. अदीलनं मान वर केली नाही.

टाउन हॉलच्या घड्याळात दहा वाजून वीस झाले होते. कोपऱ्यावरून वळला तर नऊच्या नऊ जागा रिकाम्या असणार असं त्यानं धरलं होतं. पण एक गाडी होती. राजा मेहरबानची. ईदेचा क्रीम रंगाचा कुर्ता, डोक्यावर नवी टोपी. गाडीतून उतरून, पाठ करून, तो रिकाम्या रस्त्याचा फोटो काढायला मोबाइल उंच धरत होता. घाईत त्यानं एक चूक केली होती. रस्त्यापलीकडे लावायची सोडून तो गाडी थेट स्टँडवर, पहिल्या जागेत लावून उतरला होता. छतावरचा टॅक्सीचा दिवाही बंद करायला विसरला होता. वर्षानुवर्षांचा हात असाच चुकतो. रांग दिसली की गाडी आपसूक रांगेत जाते.

सजावलनं गाडी थांबवली तेव्हा एडना हॉवर्थ मेहरबानच्या गाडीचं मागचं दार उघडून आत बसत होती. दोन पिशव्या आधी आत, मग काठी, मग ती. दारावर नगरपालिकेच्या परवान्याचा पत्रा असलेली गाडी दिवा लावून स्टँडवर उभी असेल तर गिऱ्हाईक नाकारता येत नाही. नाकारलं तर परवाना जातो. हे मेहरबाननंच संघटनेच्या नव्या पोरांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं.

मेहरबान वळला. आधी त्यानं सजावलला पाहिलं, मग आपल्या गाडीतल्या म्हातारीला. मोबाइल अजून हातात उंचच होता.

"मूर टॉपला, बेटा," म्हातारी आतून म्हणाली. "गेल्या वर्षी तुमच्या सणाला मी चालत गेले. या वर्षी बरं, कुणीतरी आहे."

मेहरबान चाकामागे बसला. दार असं आपटलं की समोरच्या छतावरची कबुतरं उडाली. मीटर सुरू झाल्याचा टक् आवाज सजावलला आपल्या गाडीत ऐकू आला. साधा दर. गाडी टेकडीकडे निघून गेली आणि सजावलनं आपली पहिल्या जागेत घेतली.

अर्ध्या तासानं रस्त्यापलीकडे हॉवर्थ येऊन उभा राहिला. स्टँडवर एक गाडी होती. त्यानं घड्याळ पाहिलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि निघून गेला. सजावलला एक गिऱ्हाईक मिळालं, दवाखान्याचं. परत आला तर पहिल्या जागेत अदीलची गाडी. मुलगा काच खाली करून म्हणाला, "दोन तास मी बसतो. तुम्ही घरी जाऊन जेवा. मग तुम्ही या, मग मी जाईन."

"एकत्र जेवायचं होतं."

"इथं जेवू मग. अम्मीनं डबा दिलाय." त्यानं शेजारच्या सीटवरचा डबा दाखवला. रागात होता अजून, डबा दाखवतानाही. पण त्यानं ती सीट पुसून ठेवली होती.

दोघं अदीलच्या गाडीत बसून शेवया खात होते तेव्हा मेहरबानची गाडी परत आली आणि त्यांच्या मागे उभी राहिली. मध्ये जागा न सोडता. मेहरबान उतरला, सजावलच्या बाजूला आला. खिडकीवर टकटक केली नाही. नुसता उभा राहिला.

"टेकडीवर दोन पिशव्या घरात नेऊन ठेवल्या," तो म्हणाला. "वर म्हातारीनं बिस्किटं खायला लावली. ईदेच्या दिवशी."

सजावल उतरला. ईदेला समोरासमोर आलेल्या दोघांनी गळाभेट घेतल्याशिवाय जाऊ नये, वैर असलं तरी. हे दोघांनाही आपापल्या मशिदीत एकाच शब्दांत शिकवलेलं होतं. त्यानं हात पसरले. मेहरबान क्षणभर त्याच्या डोक्यावरून पलीकडे पाहत राहिला. मग पुढे झाला आणि त्यानं सजावलला मिठीत घेतलं. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे, तीनदा, रीतसर. पैलवान कुस्तीआधी धरतो तसं. सजावलच्या बरगड्या दुखल्या. त्यानंही काही कमी जोर लावला नाही.

मेहरबान गाडीत बसला, या खेपेला आठवणीनं दिवा बंद केला आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडवर सजावलनं सलाम केला. उत्तर ओठांतल्या ओठांतच आलं. पण तो पुढे सरकला तेव्हा मागची गाडी सरकली.